जुन्या प्रोपेन टाकीचा स्मोकर: आधी पाणी, मग हवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ४५ किलो गॅस मावणारी एक जुनी प्रोपेन टाकी पडून आहे, तिचा स्मोकर, म्हणजे लाकडाच्या धुरात मांस सावकाश शिजवायची भट्टी, करायचा आहे. तिचा व्हॉल्व्ह दोन-तीन वर्षं उघडाच आहे आणि आता वासही येत नाही. ती सरळ ग्राइंडरने कापली तर चालेल का? फायरबॉक्स, म्हणजे विस्तवाचा डबा, केवढा करायचा, धुराडं कुठे लावायचं? आणि ओळखीच्या एकाने असाच स्मोकर बनवला, पण त्यातलं मांस कडवट लागतं, ते कशामुळे?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’. व्हॉल्व्ह कितीही वर्षं उघडा असू दे, थेट ग्राइंडर लावायचा नाही. बाकी कुठे चुकलात तर एखादी पट्टी पुन्हा जोडावी लागेल, फार तर धुराडं हलवावं लागेल. इथे चूक झाली तर जीवावर बेतेल. म्हणून आधी टाकी निर्धोक करण्याबद्दलच सविस्तर लिहितो.

व्हॉल्व्ह उघडा ठेवला की दाब उतरतो. पण दाब उतरला म्हणजे टाकी स्वच्छ झाली असं नाही. प्रोपेन वायू हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असतो आणि उभ्या टाकीचं तोंड वर असतं, त्यामुळे दाब संपल्यावर उरलेला वायू लवकर बाहेर पडत नाही. लहान टाक्यांवरचे काही व्हॉल्व्ह तर जोडणी बसवल्याशिवाय मूठ फिरवूनही वायू सोडत नाहीत. दिसायला उघडे, प्रत्यक्षात बंद. आता प्रमाण बघा. हवेत प्रोपेन साधारण २ टक्क्यांच्या वर गेला की मिश्रण पेट घेऊ शकतं, आणि साडेनऊ टक्क्यांपर्यंत तो धोका कायम राहतो. ४५ किलोच्या टाकीचं पोट सुमारे १०८ लिटरचं. म्हणजे त्यात फक्त ४ ग्रॅमच्या आसपास प्रोपेन पसरला तरी ठिणगीची वाट बघणारं मिश्रण तयार होतं. द्रवरूपात मोजलात तर हे दोन लहान चमचेही भरत नाही.

त्यात भर म्हणजे तळाशी जमलेलं तेलकट किट. वर्षानुवर्षांच्या भरणांतून जड अंश मागे राहतात, पोलादाला आतून चिकटतात. थंड असताना ते गप्प असतात; डिस्कची किंवा वेल्डिंगची धग लागली की त्यांची वाफ होते. आणि वास येत नाही यावर अजिबात विसंबू नका. प्रोपेनला स्वतःचा वास नसतो. त्यात मिसळलेलं गंधद्रव्य आतून गंजलेल्या टाकीत गंजाशी संयोग पावून निष्प्रभ होतं. वास मेलेला असतो, वायू असतोच असं नाही, पण नसतोच असंही नाही.

टाकी तुमच्या मालकीची आहे का, हेही आधी बघा. ठेव भरून किंवा अदलाबदलीत मिळालेली टाकी बहुधा गॅस पुरवठादाराची असते, ती कापायचा अधिकार आपल्याला नसतो. व्हॉल्व्हचं पितळ निळसर-हिरवं पडलं असेल तर त्या टाकीला हातही लावू नका. तिच्यात कधीतरी अमोनिया भरला गेल्याची ती खूण असू शकते, आणि अमोनियाने पितळ आतून ठिसूळ होतं. व्हॉल्व्ह रंगाने लिंपलेला, वाकलेला, जाम झालेला असेल तरी तेच.

उरलेला वायू काढून व्हॉल्व्ह सोडवण्याचं काम परवानाधारक गॅस विक्रेत्याकडून करून घ्या, असंच मी सांगेन. त्यांच्याकडे वायू ओढून घेण्याची सोय असते, टाकी घट्ट धरण्याचा शिकंजा असतो. घरी लांब पान्याला पाइप अडकवून व्हॉल्व्हशी झटापट करताना आतला दाब किती उरलाय हे कळायला मार्ग नसतो.

व्हॉल्व्ह निघालेली टाकी उघड्यावर, पक्क्या जमिनीवर उभी करा. आसपास विस्तव, गटार, तळघराची खिडकी काही नको. पाण्याची नळी तळापर्यंत सोडा, भांडी घासायचा साबण बऱ्यापैकी घाला आणि तोंडातून पाणी वाहून जाईपर्यंत भरा. एक दिवस तशीच राहू द्या. मग ओता आणि पुन्हा भरा. लक्षात घ्या, भरलेल्या टाकीत १०८ किलो पाणी असतं, वर टाकीचं वजन वेगळं; ती कलंडणार नाही असा आधार आधी द्या. गाडीचा धूर आत सोडणं, सुका बर्फ टाकणं असले उपाय सुचवले जातात. मला ते मान्य नाहीत, कारण आत काय उरलंय ते त्यात दिसत नाही. पाणी काठोकाठ आलेलं डोळ्यांना दिसतं. पाण्याची जागा वायूने घेतलेली नाही याची खात्री दुसऱ्या कुठल्या घरगुती उपायाने इतकी सोपी मिळत नाही.

पहिलं भोक टाकी पाण्याने भरलेली असतानाच पाडायचं. आणि ते धुराड्याचं भोक असू द्या, म्हणजे एका कामात दोन कामं होतात. स्मोकरमध्ये टाकी आडवी असते; आत्ता ती उभी असताना धुराड्याची जागा वरच्या टोकाजवळ येते. तिथे बॅटरीवर चालणाऱ्या ड्रिलला १०० मिमीचा होल-सॉ (गोल भोक कापणारी करवत) लावून, तेल सोडत, सावकाश कापा. मधल्या टोकाने छेद घेतला की पाणी वाहू लागेल, ते वाहू द्या. इथे तारेवर चालणारं कुठलंही यंत्र नको. पाणी आणि वीज एकत्र आणण्याचं काहीच कारण नाही. भोक पडल्यावर टाकी आडवी करा, पाणी काढा, टॉर्चने आत बघा, लांब दांड्याच्या ब्रशने गरम साबणपाण्यात आतलं किट घासून काढा. आतून स्वच्छ पोलाद दिसलं, दोन्ही भोकांतून वारा खेळू लागला, की मगच ग्राइंडर हातात घ्या. या नियमात मी कधीही सूट देत नाही.

आता बांधणीकडे येऊ. स्मोकर म्हणजे झाकणाची पेटी, असं समजून बरेच जण सुरुवात करतात आणि सगळं लक्ष दारावर आणि चाकांवर देतात. खरं तर स्मोकर हा हवेचा रस्ता आहे. फायरबॉक्सच्या खालून हवा शिरते, विस्तवातून तापून निघते, टाकीतून मांसावरून जाते आणि धुराड्यातून बाहेर पडते. धुराड्यातली गरम हवा वर चढते म्हणून खालून नवी हवा ओढली जाते. या ओढीवरच सगळं चालतं. रस्त्यात कुठे अरुंद झालं की विस्तव गुदमरतो, लाकूड जळण्याऐवजी धुपतं, आणि कडवटपणा तिथेच जन्माला येतो.

माप घ्यायचं ते टाकीच्या पोटावरून. फायरबॉक्स साधारण एक तृतीयांश पोटाचा असावा, हा बांधणाऱ्यांचा जुना ठोकताळा आहे आणि तो चांगला चालतो. १०८ लिटरला ३६ लिटर, म्हणजे आतून ३३ सेंटीमीटर बाजूचा चौकोनी डबा. थोडा मोठा झाला तर बिघडत नाही. लहान झाला तर मात्र लाकडं उभी-आडवी कोंबावी लागतात आणि हवा अडते. पत्रा ६ मिमीचा घ्या. टाकीचा स्वतःचा पत्रा सुमारे ३ मिमीचा असतो, शिजवण्याच्या भागाला तो पुरतो, पण विस्तवाशेजारी पातळ पत्रा वाकतो आणि दार कायमचं तिरकं बसतं. ६ मिमीच्या पत्र्याचं वजन चौरस मीटरला ४७ किलोच्या घरात जातं, त्या हिशेबाने नुसता फायरबॉक्स ३० किलोचा होतो. हा भार टाकीच्या टोकाला लटकवू नका, त्याच्याखाली स्वतंत्र पाय द्या.

फायरबॉक्स टाकीच्या बुडाच्या टोकाला जोडा, जिथे उभं राहण्यासाठीचं कडं असतं. व्हॉल्व्हचं टोक धुराड्याच्या बाजूला जाईल. कडं कापून टाकल्यावर उरतो तो गोल घुमट, आणि सपाट पत्रा त्याला बसवणं हे या कामातलं सगळ्यात वेळखाऊ काम. पुठ्ठ्याचा नमुना कापून घ्या, टाकीला लावून बघा, कातरत जा. पुठ्ठा नीट बसल्याशिवाय पत्र्यावर खूण करू नका. फट ३ मिमीपेक्षा जास्त राहिली तर वेल्डिंगने ती भरत बसण्यात अर्धा दिवस जातो.

टाकी आणि फायरबॉक्स यांच्यामधलं तोंड टाकीच्या तळालगत, चंद्रकोरीच्या आकाराचं ठेवा. टाकीचा व्यास ३७ सेंटीमीटरच्या आसपास धरला, तर ८ ते ९ सेंटीमीटर उंचीची कोर कापल्यावर १७० ते २०० चौरस सेंटीमीटर तोंड मिळतं. १०० मिमी धुराड्याचा छेद आहे ७८ चौरस सेंटीमीटरचा, म्हणजे हे तोंड त्याच्या दुपटीहून मोठं. तसंच हवं. हवेच्या वाटेतली सगळ्यात अरुंद जागा धुराडं असावं, मधलं तोंड नव्हे. तोंडासमोर आतून २५ सेंटीमीटर लांबीची एक पट्टी तिरकी, खाली झुकलेली लावा, नाहीतर ज्वाळा थेट मांसाच्या जाळीवर चढतात आणि त्या बाजूचा घास करपतो. सबंध तळभर पत्रा टाकून हवा टोकापर्यंत नेऊन परत फिरवण्याची रचनाही असते. तिच्यात उष्णता जास्त सारखी पसरते, पण वळणामुळे ओढ कमी होते आणि तापायला वेळ लागतो. एवढ्या छोट्या टाकीला मी सरळ वाटच ठेवेन.

धुराडं मांसाच्या जाळीच्या पातळीला, मागच्या भिंतीतून काढा आणि कोपर (वळणाचा पाइप) लावून वर न्या. ६० ते ९० सेंटीमीटर उंची द्या. छताच्या टोकाला लावलेलं धुराडं गरम हवा आणि धूर वरच्या वर पळवून लावतं, खाली जाळीवर मांस गारच राहतं. फायरबॉक्सच्या हवेच्या खिडक्या धुराड्याच्या छेदाइतक्या तरी, म्हणजे ८० चौरस सेंटीमीटरच्या करा, आणि त्यावर सरकतं झाकण. एक विस्तवाच्या जाळीखाली, एक ज्वाळेच्या उंचीला. मोठं भोक झाकता येतं. लहान भोक ऐन स्वयंपाकाच्या वेळी मोठं करता येत नाही. विस्तवाची जाळी तळापासून ७-८ सेंटीमीटर उंच असू द्या, नाहीतर राखेत निखारे बुडून विझतात.

दाराबद्दल एक गोष्ट जपून ऐका. टाकीचा पत्रा वाकवून, जोडून केलेला असतो, त्यात ताण साठलेला असतो. चारही बाजू एकदम कापल्या की तो ताण सुटतो, दाराची गोलाई बदलते आणि मग कितीही ठोकलं तरी ते जागेवर बसत नाही. म्हणून आधी फक्त बिजागरीकडची बाजू कापा, लगेच बिजागऱ्या वेल्ड करून टाका, मग खालची बाजू आणि बाजूच्या रेघा कापा. शेवटचे दोन कोपरे ठेवून आत आडवा अँगल टॅक मारून (वेल्डिंगच्या ठिपक्यांनी तात्पुरता जोडून) घेतलात तर आणखी चांगलं. दार ६० सेंटीमीटर लांब पुरे. दोन्ही बाजूंना घुमटाच्या शिवणीपासून १० सेंटीमीटर अंतर राखा. खालची कड जाळीच्या किंचित वर घ्या, म्हणजे चरबी दारातून ओघळत नाही. कापलेल्या फटीवरून २५ बाय ३ मिमीची पट्टी दारालाच वेल्ड करा, निम्मी दारावर आणि निम्मी टाकीवर टेकणारी. थोडा धूर सुरुवातीला गळेल. काही दिवसांच्या वापरात काजळी आणि चरबी ती फट स्वतःच भरून काढते, म्हणून उष्णतारोधक दोरीवर घाईने खर्च करू नका.

बिजागऱ्या, पट्ट्या, नट-बोल्ट, जाळी, यातलं काहीही जस्ताचा मुलामा असलेलं नको. वेल्डिंगच्या वेळी जस्ताचा धूर फुप्फुसात गेला तर ताप भरतो, आणि नंतर तापलेल्या टाकीत तो मुलामा अन्नाजवळ राहतो. जुन्या फ्रीजच्या जाळ्या तर मुळीच नको, त्यांच्यावर कॅडमियमचा मुलामा असू शकतो. जाळीसाठी साधं, बिनमुलाम्याचं एक्सपांडेड मेटल (पत्रा चिरून, ताणून केलेली जाळी) किंवा ३०४ दर्जाचं स्टेनलेस स्टील घ्या. व्हॉल्व्हच्या भोकाची जागा वाया घालवू नका. तिथून थर्मामीटरच्या वायरी आत नेता येतात.

टाकी धुराड्याच्या टोकाकडे एक-दोन सेंटीमीटर उतरती ठेवा आणि त्या टोकाला तळाशी निचऱ्याचं भोक पाडून त्याला पाइप व झडप लावा. चरबी विस्तवापासून लांब वाहायला हवी. उलटा उतार दिलात तर ती मधल्या तोंडातून फायरबॉक्समध्ये जाते, आणि ती आग आटोक्यात आणणं अवघड असतं.

थर्मामीटर दारावर लावायची पद्धत आहे, तो दिसायला छान दिसतो. पण तो सांगतो छताखालचं तापमान, आणि जाळीवर त्याहून १५-२० अंशांचा फरक सहज पडतो. तो लावायचाच असेल तर जाळीच्या पातळीला, दोन टोकांना दोन लावा.

सगळं जोडून झालं की पहिला विस्तव स्वयंपाकासाठी नव्हे. आतून तारेच्या ब्रशने घासा आणि जोरदार आग लावून दोन-तीन तास २०० अंश सेल्सिअसच्या वर तापू द्या. टाकीचं उरलंसुरलं किट, पत्र्यावरचं कारखान्याचं तेल, वेल्डिंगची घाण सगळं यात जळतं. वारा जिकडून येतो त्या बाजूला उभे राहा. बाहेरचा जुना रंग मात्र आधीच, रंग काढायच्या रसायनाने उतरवा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्याची कोरडी धूळ ग्राइंडरने उडवणं किंवा तो रंग जाळणं दोन्ही वाईट. गार झाल्यावर आतून खाद्यतेलाचा अगदी पातळ हात फिरवा आणि १२० ते १५० अंशांवर काही तास धरा. तेल जाड लावलं तर चिकट थर राहतो. बाहेरून टाकीला उष्णतारोधक रंग टिकतो. फायरबॉक्सवरचा रंग काही केल्या उडतोच, तिथे गरम असताना तेल पुसत राहणं बरं.

आणि हे यंत्र कायम उघड्यावर. शेडच्या आत, गॅरेजचं दार उघडं ठेवून, असलं काही नको. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास.

आता तो कडवटपणा. मांसाला हवाहवासा वास येतो तो लिग्निनपासून, म्हणजे लाकडाला ताठपणा देणाऱ्या द्रव्यापासून, ते तुटून ग्वायकोल, सिरिंगोल अशी संयुगं तयार होतात म्हणून. पण ती चांगली मिळतात ती भरपूर हवेत जळणाऱ्या, ज्वाळा दिसणाऱ्या विस्तवातून. हवा कमी पडली की अर्धवट जळालेले जड अंश तसेच पुढे जातात, थंड पत्र्यावर आणि थंड मांसावर साचतात. धुराचा रंग बघूनच ओळखता येतं. धुराड्यातून दाट पांढरा धूर निघत असेल तर मांस आत ठेवू नका. जेमतेम दिसणारा, निळसर, विरळ धूर आला की ठेवा.

ओळखीच्या माणसाने बहुधा तापमान कमी करायला धुराड्याची झडप बंद केली असेल. सगळेच असं करतात, आणि ते नेमकं उलट आहे. धुराडं पूर्ण उघडं ठेवायचं. तापमान कमी-जास्त करायचं ते खालच्या खिडकीने आणि लाकडाच्या आकाराने. मोठी आग लावून तिचा गळा आवळण्यापेक्षा लहान, तेज आग ठेवावी. आधी निखाऱ्यांचा चांगला थर करा. मग मनगटाएवढ्या जाडीची, चांगली वाळलेली फाळकी एकेक करून घाला. लाकडात २० टक्क्यांपेक्षा जास्त ओल नको, आणि ते पाण्यात भिजवून तर मुळीच घालू नका. भिजवलेलं लाकूड आधी वाफ सोडतं आणि विस्तव थंड करतं. पुढचं फाळकं फायरबॉक्सवर ठेवून गरम करून घेतलं की आत पडताच पेटतं, धुपत बसत नाही. या आकाराच्या स्मोकरला साधारण अर्ध्या-पाऊण तासाने एक फाळकं लागतं. जाळीवर १०५ ते १३५ अंशांच्या मध्ये तापमान राहिलं की पाच-दहा अंशांच्या चढउताराला घाबरून खिडकीशी खेळत बसायचं कारण नाही.

त्यांचा स्मोकर बघायला गेलात तर हे सगळं सांगण्याआधी दार उघडून छत बघा. तिथे चकचकीत, डांबरासारखा काळा थर साचला असेल तर आधी तो खरवडून काढायला लावा आणि रिकामा स्मोकर २०० अंशांवर तासभर तापवा. तो थर तसाच राहिला तर वाळलेलं लाकूड आणि उघडं धुराडं असूनही तोच कडवटपणा थेंबाथेंबाने मांसावर पडत राहील.